लाकडी पेनवर नाव कोरायचंय : आधी पॉलिश की आधी अक्षरं?

शाईवेडा

मंडळी, लाकूडकाम करणारे आणि पेनांचे वेडे दोन्ही इथे आहेत म्हणून इथेच विचारतो. आमच्या दहावीच्या बॅचतर्फे मराठीच्या बाईंना पंचाहत्तरीला पेन द्यायचं ठरलंय आणि "तू पेनं काततोस ना, मग तूच कर" म्हणून ते माझ्या गळ्यात पडलंय. कातायचं टेन्शन नाही. छोटा लेथ (लाकूड फिरवून कातायचं यंत्र) आहे, ब्लँकला (कातायच्या लाकडी तुकड्याला) भोक पाडून पितळी नळी चिकटवणं, मँड्रेलवर (लेथच्या दांड्यावर) चढवून कातणं, घासणं हे सगळं हातात बसलंय. पण बाईंचं नाव देवनागरीत कोरून हवंय, आणि कोरीव अक्षरं अधिक पॉलिश हे गणित मी आजवर टाळत आलोय.

लाकूड जुन्या वाड्याच्या तुळईचं सागवान आहे. तर कोरायचं आधी का पॉलिश आधी? अक्षरांत रंग भरायचा की लेझरने जळून जो काळपटपणा येतो तोच ठेवायचा? आणि वरून काय लावू, लाख, तेल-मेण की तो झटपट चिकटणारा सीए ग्लू? यूट्यूबवर ज्याला बघावं तो सीए सीए करत असतो. मला ते लाकूड लॅमिनेट केल्यासारखं वाटतं, हात लावला की सागवान आहे का प्लास्टिक तेच कळत नाही. मत पटत नसेल तर सांगा, भांडायला वेळ आहे.

आगाऊ_कार्टा

रुमाल टाकून ठेवतो.
बाकी नाव कोरून भेट द्यायची तर आपल्यात स्टीलचं पातेलं देतात. "दहावी ब यांजकडून सप्रेम भेट". पॉलिशचा प्रश्नच नाही, बाई घरी घासून घेतील.

लेथबहाद्दर

शाईवेडा, क्रम पक्का लक्षात ठेव. कातायचं, घासायचं, सील करायचं, मग कोरायचं, रंग भरायचा, सपाट करायचं आणि शेवटचं पॉलिश सगळ्यात शेवटी. म्हणजे तुझ्या प्रश्नाचं उत्तर "अर्धं पॉलिश आधी, अर्धं नंतर" असं आहे.

कारण सांगतो. सागवानाची छिद्रं मोठी आणि रेषेत असतात. कोऱ्या सागवानावर कोरून रंग भरलास तर रंग त्या छिद्रांतून बाजूला पळतो, अक्षराला मिशा फुटतात आणि त्या कितीही घासलं तरी जात नाहीत कारण रंग आत मुरलेला असतो. म्हणून ४०० नंबरच्या पेपरपर्यंत घासून झालं की पातळ लाखेचे दोनतीन हात दे, नीट वाळू दे, परत ४०० हलकासा फिरव. मग त्यावर कागदी मास्किंग टेप गुंडाळ आणि टेपच्या वरूनच लेझर मार. धुराची काजळी टेपवर बसते, लाकूड स्वच्छ राहतं. टेप तशीच ठेवून अक्रिलिक रंग भर, सुकला की टेप काढ. फक्त क, ब, म, भ अशा अक्षरांच्या पोटात टेपचे बारीक तुकडे अडकून राहतात ते सुईने एकेक काढावे लागतात, तिथे संयम लागतो.

सपाट करताना लेथ बंद. ६०० चा पेपर बोटाला नाही तर सपाट रबराला किंवा लाकडाच्या तुकड्याला लावून लांबीच्या दिशेने फिरव. कोरल्यानंतर फिरत्या लेथवर घासलंस तर अक्षरांच्या कडा गोल होतात, उथळ मात्रा आणि अनुस्वार तर गायबच.

आणि एक, ते ७ मिमी नळीचं स्लिमलाइन किट (पेनच्या तयार भागांचा संच) असेल तर टोकांना लाकूड मिलिमीटरभरसुद्धा उरत नाही. नाव मधल्या फुगीर भागावर घे. टोकाकडे खोल कोरलंस तर आतलं पितळ दिसेल.

मिसळप्रेमी

+१ टेपला. वाचनखूण साठवली. पेन करत नाही, पण माहिती असावी.

क्विकफिक्स

सीएची बाजू मांडायला कोणी येत नाही तर मीच येतो. सीए म्हणजे आपल्या फेव्हिक्विकच्या जातीचाच ग्लू, फिनिशसाठी पातळ आणि मध्यम असे वेगळे मिळतात. पेन ही रोज घामट हातात जाणारी वस्तू आहे, शोकेसमधली नाही. लाख नि मेण दिसायला सुंदरच, मान्य, पण जिथे बोटं धरतात तिथे काही महिन्यांत फिकं पडतं. सीए टिकतो.

"प्लास्टिक वाटतं" याचं कारण सीए नाही, चकाकी आहे. लोक मायक्रोमेशचं (अतिबारीक पॉलिश पेपरचं) १५०० पासून १२००० पर्यंत सगळं पाकीट संपवतात, वर प्लास्टिक पॉलिश मारतात, मग ते काचेसारखं दिसणारच. ४००० ला थांब. मंद, रेशमी दिसतं आणि लाकूड लाकूडच वाटतं.

सागवानाला मात्र आधी असिटोनने पूस, ते लाकूड तेलकट असतं आणि ग्लू नंतर पापुद्र्यासारखा सुटू शकतो. लावताना टिश्यू पेपर घे, सुती फडकं अजिबात नाही. सीए आणि कापूस एकत्र आले की तापतात, धूर निघतो, बोट भाजतं. हे गंमत म्हणून लिहीत नाहीये. खिडकी उघडी ठेव, डोळ्याला चष्मा लाव.

डॉक्टरीणबाई

क्विकफिक्स यांना अनुमोदन. माझ्या दिरांनी मला लाखेचं पॉलिश केलेलं शिसवीचं पेन दिलं होतं, अप्रतिम होतं. क्लिनिकमध्ये दिवसभर सॅनिटायझर लावायचा आणि त्याच हाताने लिहायचं. पेन चिकट झालं, मग त्यावर माझ्या बोटांचे ठसे उमटले. पोलिसांना उपयोगी पडलं असतं.

लेथबहाद्दर

डॉक्टरीणबाई, ते होणारच, लाख विरघळते ती अल्कोहोलमध्येच, आम्ही पॉलिश करतो ते स्पिरिटमध्येच विरघळवून. अत्तर, सेंट यांनीही तेच होतं. उलट फायदाही तोच, दिरांना सांगा, स्पिरिटचा बोळा फिरवून परत नवीन हात देता येतो, जुनं खरवडायची गरज नाही. सीए खराब झाला तर सगळा काढूनच टाकावा लागतो.

वाडीकर

लाखेला इतकं घालूनपाडून बोलू नका हो. आमच्या सावंतवाडीत चितारआळीत लाकडी खेळणी, फळं बघून मोठे झालेलो आहोत आम्ही. आणि लाख काही फक्त स्पिरिटमध्ये घोळवूनच लावतात असं नाही. चन्नपट्टणला कातारी लोक लाखेची रंगीत कांडी फिरत्या लाकडावर दाबतात, घर्षणाच्या उष्णतेने ती वितळून पसरते आणि मग केवड्याच्या पानाने दाबून घोटतात. त्या पानाने जी झळाळी येते ती कुठल्या मायक्रोमेशला येत नाही. मी पेनच्या टोकाला एक लाल पट्टा असाच काढतो, केवड्याचं पान परसातलं.

तिथे लाकूड वापरतात ते पांढरं, बारीक पोताचं, म्हणजे आपला काळा कुडा. शाईवेडा, तुमच्या कोरीव नावासाठी असलं लाकूड सागवानापेक्षा कधीही बरं.

झाडीपट्टीवाला

वाडीकर, लाखेचा विषय काढलाच आहे तर आमच्या गोंदियाकडचं सांगतो. लाखेचे किडे पळसावर, बोरीवर वाढवले की ती रंगीनी लाख, कुसुमाच्या झाडावर वाढवली की कुसुमी. कुसुमी रंगाला फिकी आणि चांगली मानतात, भावही जास्त. पांढऱ्या लाकडाला कुसुमीचा फिका चपडा (लाखेच्या पातळ पापड्या) घ्या, नाहीतर सगळं पेन नारिंगी दिसेल. आणि लाखेवर नंतर पीयू (पॉलीयुरेथेन) किंवा लॅकर मारणार असाल तर मेण काढलेली लाखच घ्या, मेणवाल्या लाखेवर ते धरत नाही.

विरघळवायचं प्रमाण १०० मिलि स्पिरिटला १२ ग्रॅमच्या आसपास, हे सीलिंगला बरोबर पातळ होतं. लागेल तेवढंच करा. महिनोन्महिने बाटलीत ठेवलेली लाख नीट वाळतच नाही, चिकट राहते आणि लोक मग लाखेला शिव्या देतात.

भोळा_सांब

एवढं सगळं कशाला? खोबरेल तेल चोळा. आमची आजी लाकडी पोळपाटाला तेच लावायची.

लेथबहाद्दर

भोळा_सांब, पोळपाटाला चालेल, पेनला नाही. खोबरेल वाळत नाही, नुसतं मुरतं आणि तेलकट राहतं, मग धूळ धरतं, बाईंच्या वहीवर डाग पडतील ते वेगळेच. वाळणारं तेल लागतं, आपल्याकडे हार्डवेअरच्या दुकानात मिळणारं डबल बॉइल्ड अळशीचं. त्याचेही पातळ हात आणि मध्ये भरपूर वेळ. आणि त्या तेलाची फडकी चुरगाळून कोपऱ्यात टाकू नका कोणी, ती आपोआप तापून पेट घेऊ शकतात. पसरून वाळत घाला, नाहीतर पाण्यात बुडवून ठेवा.

भोळा_सांब

बाप रे. म्हणजे फिनिश कुठलंही घ्या, आग आहेच?

आगाऊ_कार्टा

पातेलं घ्या म्हणतोय मी कधीपासून.

रत्नांग्रीकर

पंचाहत्तरी कधी आहे ते सांगितलं नाहीत. पावसाळ्यात असेल तर आत्ताच पॉलिश उरकून घ्या. आमच्याकडे जुलैत लाख मारली की पांढुरकी पडते, हवेतली ओल आत अडकते. सीएसुद्धा दमट हवेत धुरकट पांढरा पडतो, खास करून कोरलेल्या अक्षरांच्या कडेला, आणि काळ्या रंगाच्या अक्षरांवर तर तो पांढरेपणा लगेच दिसतो. मी पुठ्ठ्याच्या मोठ्या खोक्यात जुना पिवळा बल्ब लावून ठेवलाय, पॉलिश केलेलं पेन त्यात लटकवतो. लाइट असली तर चालतं.

पक्या_न्यूजर्सी

ओलीचा विषय निघाला म्हणून सांगतो. पुण्याहून दिवाळीला एकाने लाकडी पेन पाठवलं होतं, त्यावर माझं नाव सुंदर कोरलेलं. इथे हिवाळ्यात घरात हीटिंग चालू झालं की हवा एवढी कोरडी होते की ओठ फुटतात. जानेवारीत पेन लांबीला तडकलं, नेमकं नावातून. आता माझ्या नावाची फाळणी झालेली आहे. हे लाकडाचं चुकलं की फिनिशचं?

लेथबहाद्दर

लाकूड पुरतं वाळलेलं नव्हतं, एवढंच. आतली पितळी नळी काही आकसत नाही, वरचं लाकूड आकसतं, मग ते फाटणार कुठे तर जिथे सगळ्यात पातळ आहे तिथे, आणि कोरलेल्या रेषेत ते सगळ्यात पातळ असतं. वरून सीए मार की पीयू मार, ओलं लाकूड थांबत नाही. ब्लँक वजन करून ठेवायचा, बारीक काट्यावर, आणि आठवड्या-आठवड्याने परत. वजन उतरायचं थांबलं की कातायला घ्यायचा. जुन्या तुळईच्या सागवानाला हा धोका कमी, ते कित्येक वर्षं वाळतंच आहे.

तडा गेलेल्या पेनात पातळ सीए सोडून बघ, आपोआप आत खेचला जातो. नाव परत जुळेल.

अक्षरधुनी

सगळे पॉलिशवर बोलताय, अक्षरांचं कोण बघणार? लेझरवाल्याला नाव व्हॉट्सअॅपवर टाईप करून पाठवू नका. पुष्कळ दुकानांत जुनी सॉफ्टवेअर असतात, युनिकोड मजकूर पेस्ट केला की जोडाक्षरं सुटतात, ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या पलीकडे जाऊन बसते. श्रीलिपी या मराठी टायपिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये टाईप करणारा असेल तर निदान समोर बसून बघता तरी येतं. सगळ्यात उत्तम म्हणजे नाव आपणच घरी मांडून, अक्षरांचे कर्व्ह (फाँटऐवजी नुसते आकार) करून, पीडीएफ किंवा एसव्हीजी द्यायचं. मग फाँट त्याच्याकडे असो नसो.

फाँट निवडताना ल आणि श मराठी वळणाचे आहेत ना ते बघा, बऱ्याच फाँटमध्ये सुरुवातीला हिंदी वळणाचे येतात. मुक्ता चांगला आहे, मोकळा आहे. बालू जाडजूड आहे, लहान आकारात अक्षरांची पोटं बुजतात, लेझरने जळून आणखी बुजतात. पेनचा व्यास १०-१२ मिमी, म्हणजे अक्षराची उंची ४ मिमीच्या आसपास धरा. त्यात फार बारीक रेघा असलेला फाँटही नको, नंतर घासताना शिरोरेषाच तुटक होते.

आणि सागवानावर शिरोरेषा हा वेगळाच ताप आहे. वर्षाकड्यांतला मऊ भाग जास्त जळतो, कडक भाग कमी. त्यामुळे एकच रेघ कुठे खोल कुठे उथळ. पोत आणि शिरोरेषा एकाच दिशेने येत असतील तर अख्खी रेघ मऊ पट्टीत सापडू शकते.

शाईवेडा

अक्षरधुनी, बाईंच्या आडनावात ऱ्ह आहे. आता घाम फुटला.

आगाऊ_कार्टा

मराठीच्या बाईंना ऱ्ह चुकलेलं पेन. त्याच पेनने त्या लाल रेघ मारतील.

पुस्तकीकिडा

मुळात "पंचाहत्तरी" की "पंच्याहत्तरी" ते ठरवा आधी. कोरल्यावर खोडरबर चालत नाही.

वाडीकर

झालं, आता पुढचे पन्नास प्रतिसाद ह्याच्यावर.

खडूवाल्या_ताई

मी शिक्षिकाच आहे म्हणून माझे दोन पैसे. माझ्या काळ्या पेनवर माझं नाव नुसतं कोरलेलं होतं, रंग न भरता. वर्षभर खडूच्या हाताने वापरलं तर अक्षरं छान पांढरी भरून आली, फुकटात. पण आता रिटायर झाले तर त्यात पिठाचा आणि हळदीचा रंग यायला लागलाय. सांगायचं हे की उघडी खोल अक्षरं मळ धरतात. बाईंचं वय बघता बुजवलेलीच बरी, पुसायला सोपी.

जुना_कातारी

उघडी अक्षरं बोटाला लागतात, त्यात मजा आहे ना ताई. सगळं गुळगुळीत करून टाकलं तर मग छापून का नाही घेत? मी लेझरच्याच विरुद्ध आहे. हाताने बारीक व्ही-टूलने कोरलेल्या अक्षरात उजेड वेगळा पडतो, एक बाजू उजळ, एक बाजू गडद, रंग भरायची गरजच नाही. त्यावर मग फक्त तेल आणि शेवटी मधमाश्यांचं मेण. मेणाचा बोळा अक्षरात अडकला तर मऊ टूथब्रशने काढायचं.

आगाऊ_कार्टा

भांड्यांवर नाव घालणारा असतो ना, त्याचं ते घुर्र करणारं मशीन लाकडावर चालेल का? सिरियसली विचारतोय.

जुना_कातारी

एकदम सिरियस उत्तर: नाही. ते ठोके मारत जातं, धातूवर ठिपका उमटतो. लाकडात टोक पोताच्या दिशेने पळतं. आडवी रेघ मारायला गेलास की उभी येते.

क्विकफिक्स

मेणाबद्दल एक, मेण किंवा गाडीचं सिलिकॉनवालं पॉलिश एकदा लागलं की त्यावर सीए, लाख, पीयू काही नीट बसत नाही, डोळ्यांसारखे गोल खळगे पडतात. मेण लावायचं तर सगळ्यात शेवटीच. बफिंगचं कंपाऊंडही जपून, तपकिरी असो की पांढरं, ते अक्षरांत जाऊन बसतं आणि शिसवीवर तर पांढरे ठिपके दिसतात. आधी अक्षरं सीएने किंवा रंगाने भरून सपाट, मगच बफ.

अजून एक, काळ्या परमनंट मार्करने अक्षरं भरू नका. वरून लाख मारली की स्पिरिटने शाई सुटते आणि पसरते.

पेनसम्राट_ऑफर

नमस्कार, आम्ही सर्व प्रकारची नाव कोरलेली पेनं होलसेल दरात...

व्यवस्थापक

जाहिरात काढली आहे. चर्चा चालू ठेवा.

निबकाका

उशिरा आलो. आधी हे सांगा, पेन बॉलपेन आहे का फाउंटन? मराठीच्या बाईंना बॉलपेन दिलंत तर बाकी पॉलिश कुठलंही करा, काही उपयोग नाही.

फाउंटन करणार असाल तर शाई लाकडाला लागता कामा नये. आयड्रॉपर, म्हणजे नळीतच शाई भरायची, हे एबोनाइटच्या (कडक रबराच्या) पेनांत चालतं, लाकडात नाही, लाकूड शाई पितं. नळी आतून घालून कन्व्हर्टर (शाई ओढून घेणारी सुटी नळी) किंवा कार्ट्रिज वापरा. टोपणाची आतली बाजूसुद्धा सील करा, निबची वाफ तिथे जाते, ते सगळे विसरतात.

एबोनाइटवरून आठवलं, राजमहेंद्रीच्या रत्नम यांनी पूर्ण स्वदेशी पेन करून गांधीजींना पाठवलं आणि १९३५ साली वर्ध्याहून गांधीजींचं त्यांना पत्र आलं. भेट म्हणून पेन द्यायची परंपरा मोठी आहे आपल्याकडे, पातेल्यापेक्षा तरी.

आगाऊ_कार्टा

निबकाका, गांधीजींना पातेलं दिलं असतं तरी त्यांनी पत्र पाठवलं असतं.

धुळीची_अॅलर्जी

कोणी लिहिलं नाही म्हणून. घासताना मास्क लावा, एन ९५. लाकडाची बारीक धूळ कर्करोगकारक यादीत पहिल्या गटात आहे, आणि शिसवीच्या जातीची धूळ पुष्कळांना त्वचेला, नाकाला त्रास देते. शिवाय लेझरवाल्याला काहीही नेऊन देऊ नका. पीव्हीसीचा तुकडा लेझरखाली गेला तर विषारी वायू निघतो आणि मशीनही गंजतं. लाकूड ठीक आहे.

हलक्या रंगाचं लाकूड असेल तर घासताना मँड्रेलवरचे लोखंडी बुशिंग (टोकांच्या कड्या) काढून ठेवा. लोखंडाची काळी पूड लाकडात जाते, सीलच्या खाली गेली की कायमची.

लेथबहाद्दर

वरचं बुशिंगचं एकदम बरोबर.

शाईवेडा, सगळं वाचून मला एक सुचतंय. कुडा नाहीतर हळदू घे, हळदू एकसारख्या बारीक पोताचं आणि पिवळसर असतं, त्यावर लेझरचा जळका तपकिरी रंग आपोआप उठून दिसतो, रंग भरायचाच नाही. सागवान सोडवत नसेल तर तू जे किट घेशील त्यात दोन भाग असतात, हात धरायचा खालचा भाग सागवानाचा कर, वरचा हळदूचा आणि नाव वरच्यावर. खाली सीए मॅट, कारण घाम तिथे लागतो. वर लाख, तिथे बोटं फारशी जात नाहीत. नुसती टिशूने काजळी पुसून, दोन हात लाखेचे, संपलं.

क्विकफिक्स

हे पटलं. सीएवाले आणि लाखवाले एकाच पेनवर, इतिहासात पहिल्यांदा.

जुना_कातारी

आणि मेणवाले?

लेथबहाद्दर

तुम्ही शेवटी दोन्हीवर फिरवा काका, कोण अडवतंय.

शाईवेडा

लेथबहाद्दर, हे बेस्ट आहे, असंच करतोय. हळदूचा तुकडा भवानी पेठेत टिंबर मार्केटला बघतो. वाडीकर, टोकाला तुमच्यासारखा लाल लाखेचा पट्टा काढायचा मोह होतोय, पण केवडा पुण्यात कुठे शोधू. पंचाहत्तरी आणि पंच्याहत्तरी दोन्ही रद्द, नुसतं नाव आणि साल कोरणार. पेन अर्थातच फाउंटन, निबकाका, कन्व्हर्टरवालं. फाइल अक्षरधुनींना आधी व्यनि (खाजगी निरोप) करतो, ऱ्ह बघून सांगा, आणि आधी तुकड्यावर कोरून बघणार.

एकच शंका उरली. लाखवाल्या भागात अक्षरं उघडीच राहणार ना, मग ताई म्हणतात तसा पिठाचा मळ?

खडूवाल्या_ताई

लाखेचे हात अक्षरांच्या आतही जाऊ देत, तळ बंद झाला की मळ मुरत नाही, ब्रशने निघतो. माझ्यात आत काहीच लावलेलं नव्हतं.

वाडीकर

केवड्याचं पान कुरियर करतो, पत्ता व्यनि करा.

अक्षरधुनी

फाइल मिळाली. ऱ्ह बरोबर आहे. ल हिंदी वळणाचा आहे, बदला.

निबकाका

निब कुठली, एफ (बारीक) की एम (मध्यम)?

व्यवस्थापक

निबसाठी कृपया वेगळा धागा काढावा. मागच्या वेळचं आठवतंय सगळ्यांना.